बफेलोचा बर्फ आणि चिपळूणची बाटली: हवामानावरचे वाचकांचे प्रश्न

थंडीचे दिवस आले की कोकणातून येणाऱ्या पत्रांत अमेरिकेतल्या हिमवादळांचे प्रश्न वाढतात. कुणाचा मुलगा तिकडे असतो, कुणाची मुलगी शिकायला निघालेली असते, आणि काही जण निव्वळ आवडीपोटी रात्री जागून रडार बघत असतात. या खेपेला अशी पत्रं एकत्र घेतली आहेत. चिपळूणचा एक प्रश्न पावसाचा आहे, पण त्याची जागा इथेच होती.

प्रश्न : माझो झील न्यूयॉर्क राज्यात बफेलोक ऱ्हवता. गेल्या थंडीत त्याच्या दारात कमरेइतको बर्फ, आणि पंधरा किलोमीटरार ऱ्हवणाऱ्या त्याच्या मित्राकडे कायच नाय. ह्या कसा काय? (एक आई, कुडाळ)

उत्तर : मुलगा अतिशयोक्ती करत नाही. बफेलो ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे आणि तिथे पडणारा बराचसा बर्फ त्या सरोवरातूनच उठतो. याला तिकडे ‘लेक इफेक्ट’ म्हणतात.

नोव्हेंबरात ईरीचं पाणी अजून आठ-दहा अंशांवर असतं आणि कॅनडाकडून येणारी हवा त्याहून कितीतरी थंड असते. पेजेच्या पातेल्यावरून गार वारा जावा तशी ती हवा पाण्यावरून जाताना खालून तापते, वाफ उचलते आणि वर चढू लागते. नियम असा, की पाण्याचं तापमान आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं तापमान यांत किमान 13 अंशांचा फरक हवा. फरक त्याहून वाढला की ढग उंच जातात, कधी विजाही चमकतात.

पण नुसता फरक पुरत नाही. हवेला पाण्यावरून पुरेसं अंतर कापायला मिळालं पाहिजे, निदान शंभरेक किलोमीटर. ईरी सरोवर साधारण 388 किलोमीटर लांब आहे आणि रुंदीला जास्तीत जास्त 92. वारा आडवा वाहिला तर वाफ थोडी मिळते. तोच पश्चिम-नैऋत्येकडून, सरोवराच्या लांबीवरून वाहिला, तर सगळी वाफ एका अरुंद पट्ट्यात गोळा होते आणि तो पट्टा पूर्व टोकावर येऊन रिकामा होतो. पट्ट्याची रुंदी बहुतेकदा दहा ते तीस किलोमीटर. जोरात असला की तासाला 5 ते 8 सेंटिमीटर बर्फ टाकतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या रुंदीत आहे. वारा जरा नैऋत्येला झुकला की पट्टा उत्तरेकडे सरकतो, पश्चिमेला झुकला की दक्षिणेकडे. दिशा टिकली तर तो एकाच गावावर तासन् तास बसून राहतो. नोव्हेंबर 2014 मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांहून जास्त बर्फ साचला आणि शहराच्या उत्तर भागात काही इंच. उत्तरेकडच्या लोकांना निरभ्र आकाशाखालून ती पांढरी भिंत उभी दिसत होती. वेंगुर्ल्याच्या वाळूत कोरडं उभं राहून समुद्रावरची सर बघावी, कडा सुरीने कापल्यासारखी, तसंच. फरक इतकाच, की आपली सर दहा मिनिटांत किनाऱ्याला लागते आणि ती भिंत दीड-दोन दिवस जागची हलत नाही.

सरोवर गोठलं की हा कारखाना बंद पडतो. ईरी उथळ आहे, सरासरी खोली जेमतेम 19 मीटर, म्हणून ते बऱ्याचदा जानेवारी-फेब्रुवारीत गोठतं. शेजारचं ओंटारियो सरोवर खोल आहे, ते सहसा गोठत नाही, म्हणून त्याच्या पूर्वेकडच्या टग हिल पठारावर बर्फ हिवाळाभर पडत राहतो. गोठलेलं सरोवर मात्र निरुपद्रवी समजू नका. जानेवारी 1977 मध्ये बफेलोत जे हिमवादळ झालं, त्या वेळी ईरी डिसेंबरपासूनच गोठलेलं होतं. नवा बर्फ साधारण फूटभरच पडला. सरोवराच्या पाठीवर साठलेला कोरडा बर्फ वादळी वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला आणि त्याखाली घरं बुजली.

प्रश्न : आम्ही कॉलेजमधले चार-पाच जण इथून रात्री ही वादळं ट्रॅक करतो. हवामानाच्या संगणक-मॉडेलचा नकाशा दोन फूट दाखवतो आणि पडतात सहा इंच. काय बघायला हवं आणि कोणत्या क्रमाने? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : क्रमच चुकतो आहे. तुम्ही बर्फाच्या बेरजेचा नकाशा आधी उघडता, तो शेवटी उघडायचा.

आधी घड्याळ लावून घ्या. हिवाळ्यात बफेलो आपल्यामागे साडेदहा तास असतं. जागतिक वेळेचे 00 म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच, 12 म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. बफेलोहून हवामानाचे फुगे (वर जाता जाता हवेचं तापमान आणि वारा मोजणारे) याच दोन वेळांना सोडतात, म्हणजे संध्याकाळचा चहा होईतो त्यांच्या सकाळच्या हवेची उभी चिरफाड तुमच्यासमोर असते. 12 च्या जीएफएसचे (अमेरिकेच्या जागतिक हवामान-मॉडेलचे) नकाशे आपल्याकडे रात्री नवाच्या सुमारास उतरू लागतात.

मग पाणी. सरोवराचं तापमान आणि गोठलेला भाग बघा. एक खाचखळगा लक्षात ठेवा : सरोवरातली तापमान मोजणारी तरंगती यंत्रं (बॉय) बर्फात चिरडू नयेत म्हणून हिवाळ्याआधी काढून घेतात. त्या जागेचा आकडा जुना असेल तर तो शेवटच्या दिवसाचा असू शकतो, त्यावर गणित मांडू नका. उपग्रहावरून काढलेले पृष्ठतापमानाचे आणि बर्फाच्छादनाचे नकाशे घ्या.

त्यानंतर 850 हेक्टोपास्कलचं, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेचं, तापमान पाण्याच्या तापमानातून वजा करा. 13 च्या खाली असेल तर झोपायला जा. 13 च्या वर असेल तर वारा बघा, आणि एकाच पातळीवरचा बघून थांबू नका. जमिनीलगतचा आणि दीड किलोमीटरवरचा वारा यांच्या दिशेत 30 अंशांपेक्षा कमी फरक असेल तर पट्टा घट्ट बांधला जातो. 60 च्या वर गेला तर तो फाटतो आणि नुसती भुरभुर उरते. तुमच्या दोन फुटांचे सहा इंच होण्यामागे बहुधा हे किंवा याच्या पुढचं कारण असतं.

पुढचं कारण म्हणजे झाकण. वर कुठेतरी उबदार हवेचा थर असतो, इन्व्हर्जन. ढग त्याला टेकले की पुढे वाढत नाहीत. हे झाकण एक किलोमीटरच्या खाली असेल तर तापमानातला फरक कितीही असो, बर्फ फार पडत नाही. तीन किलोमीटरच्या आसपास असेल तर सावध बसा. फुग्याच्या आलेखात तापमानाची रेघ जिथे अचानक उजवीकडे वळते तिथे झाकण. हे डोळ्यांनी ओळखायला शिका, दहा-बारा आलेखांत जमतं.

आता मॉडेल. जीएफएसची जाळी साधारण 13 किलोमीटरची आहे. वीस किलोमीटरचा पट्टा त्यात दीड चौकटीत बसतो, म्हणून तो पसरट आणि भलत्या जागी दिसतो. शेवटच्या दिवशी 3 किलोमीटर जाळीचं, दर तासाला नवं निघणारं एचआरआरआर मॉडेल बघा. त्यातही पट्ट्याची नेमकी जागा मानू नका. लागोपाठ निघालेल्या चार-पाच अंदाजांत (रन्समध्ये) पट्टा कोणत्या दिशेला सरकतो आहे ते बघा. आणि बेरजेच्या नकाशाच्या कोपऱ्यात ‘10:1’ लिहिलंय का ते तपासा, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

रडारवर फार विसंबू नका. लेक इफेक्टचे ढग बुटके असतात. रडारचा सर्वांत खालचा किरण अर्धा अंश वर झुकलेला, त्यात पृथ्वीची गोलाई, त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जवळपास दीड किलोमीटर उंचीवरून जातो आणि दोनशेवर चार किलोमीटरच्या वरून. ढग तीन किलोमीटरचाच असेल तर रडारला तो दिसतच नाही. पडदा कोरा आणि खाली बर्फ कोसळतोय असं होतं. दिवसा उपग्रहाचं दृश्य चित्र जास्त खरं बोलतं : सरोवरावर वाऱ्याच्या रेषेत सरळ ढगपट्टी आणि तिच्या दोन्ही बाजूंना उघडं पाणी.

सगळ्यात शेवटी बफेलोच्या हवामान कार्यालयाचं अंदाजकारांचं टिपण वाचा. आपला अंदाज आधी लिहून ठेवायचा, मग वाचायचं. शिकण्याचा याहून चांगला रस्ता नाही. त्यात ‘वॉच’ म्हणजे शक्यता आहे, तयारीला लागा. ‘वॉर्निंग’ म्हणजे होतंय किंवा होणारच.

प्रश्न : दोन मीटर बर्फ म्हणजे आपल्या हिशेबात किती पाऊस? (एक वाचक, देवरुख)

उत्तर : तुम्ही समजता त्यापेक्षा कमी. दहा सेंटिमीटर बर्फ वितळला तर एक सेंटिमीटर पाणी, हे ढोबळ माप. लेक इफेक्टचा बर्फ पिसासारखा असतो, त्यात 15:1 ते 30:1 असं प्रमाण सर्रास मिळतं. 10:1 धरून केलेला नकाशा म्हणूनच फसवतो, कधी या बाजूला तर कधी त्या.

नोव्हेंबर 2022 मध्ये बफेलोच्या दक्षिणेला हॅम्बर्ग आणि ऑर्चर्ड पार्कला तीन-चार दिवसांत 80 इंचांच्या घरात, म्हणजे दोन मीटर बर्फ पडला. 15:1 धरलं तर पाणी साधारण 135 मिलिमीटर. आपल्याकडे एका दिवसात 64.5 मिलिमीटरच्या वर पडला की मुसळधार, 115.6 पासून अतिमुसळधार. देवरुखला जुलैत एका दिवसात इतका पडला तर लोक छत्री झटकून कामाला लागतात.

पण आपलं पाणी वाहून जातं आणि त्यांचं जागेवर बसतं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक किलो. 135 मिलिमीटर म्हणजे शंभर चौरस मीटरच्या सपाट छपरावर साडेतेरा टन. आणि त्यावर पाऊस पडला तर बर्फ तो स्पंजासारखा धरून ठेवतो. छपरं बसतात ती बऱ्याचदा अशा वेळी.

प्रश्न : आपला घाटातला पाऊस हाही एक प्रकारचा लेक इफेक्टच का? (एक शिक्षिका, दापोली)

उत्तर : चुलतभाऊ म्हणा. दोन्हीकडे वारा पाण्यावरून वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर टाकतो. पण लेक इफेक्टला थंड हवा लागते. अरबी समुद्रावरून येणारी मोसमी हवा पाण्यापेक्षा फारशी थंड नसते. तिला वर ढकलायचं काम किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि सह्याद्री करतात. थंडीत तर आपल्याकडे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणून तेव्हा समुद्र शेजारी असून उपयोग नाही.

वर्गात सांगायला बफेलोपेक्षा जपान चांगला. त्याचा पश्चिम किनारा नकाशावर ठेवा : पश्चिमेला समुद्र, मग किनाऱ्याची पट्टी, मग डोंगर. हिवाळ्यात सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून येते, वाफ भरून घेते आणि डोंगरावर आदळते. निगाताकडे माणसाच्या उंचीहून जास्त बर्फ, आणि डोंगरापलीकडे टोकियोला कोरडं, लख्ख ऊन. महाबळेश्वर आणि माण-खटाव हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं समजवावं लागत नाही. माउंट इबुकीवर 14 फेब्रुवारी 1927 रोजी साचलेल्या बर्फाची खोली 11.82 मीटर मोजली गेली. जवळजवळ चार मजले.

प्रश्न : 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आमच्या वाडीने पाऊस मोजायला सुरुवात केली. पण आमचा आकडा तालुक्याच्या आकड्याशी जुळत नाही. बाटली चुकते की ते चुकतात? (काही ग्रामस्थ, चिपळूण तालुका)

उत्तर : वाडीने हे सुरू केलंत याचा फार आनंद वाटतो. बहुधा दोघांचंही बरोबर असतं, पण आधी तुमच्याकडचं तपासू.

तारीख बघा. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि मोजलेला पाऊस त्या सकाळच्या तारखेवर चढतो. तुम्ही गुरुवारी दिवसभर पडलेला पाऊस गुरुवारच्या रकान्यात लिहिता, खातं तो शुक्रवारच्या नोंदीत देतं. अर्धी भांडणं इथेच मिटतात. रात्री आठला मोजलात तरी चालेल, पण ते सकाळच्या आकड्यात मिळवा, दिवस बदलू नका.

भांडं. कापलेल्या बाटलीत पट्टी बुडवून मोजत असाल तर तळाचा खोलगट भाग आणि वरची निमुळती मान आकडा बिघडवतात. त्यापेक्षा 16 सेंटिमीटर व्यासाचं गोल फनेल घ्या, खाली कॅन लावा आणि पाणी मापाच्या नळीने मोजा. या फनेलचं तोंड 201 चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे 20 मिलिलिटर पाणी बरोबर 1 मिलिमीटर पाऊस. एक लिटर म्हणजे 50 मिलिमीटर. पाच लिटरचा कॅन 250 मिलिमीटरला भरतो, त्यापुढचं पाणी बाहेर जातं आणि नेमका मोठ्या पावसाचा आकडा खोटा लागतो. सांताक्रुझला 27 जुलै 2005 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला, तो धरायला याच फनेलखाली जवळपास 19 लिटर लागले असते. म्हणून रेड अलर्टच्या दिवशी दर तीन तासांनी कॅन बदला आणि प्रत्येक वेळचा आकडा तिथल्या तिथे लिहा.

जागा. फनेलची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटरवर आणि अगदी सपाट. खाली जांभ्याची फरशी किंवा सिमेंट नको, थेंब उसळून आत येतात. गवत चांगलं. पोफळीची, माडाची झाडं आणि घराची पाखी यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट, जमलं तर चौपट अंतर ठेवा. आपल्या वाड्यांत एवढी मोकळी जागा मिळत नाही हे खरं, मग खळ्याचा मधला भाग धरा आणि जागा वर्षानुवर्षं तीच ठेवा. फनेलच्या भोकावर जाळी बसवा. जुलैत एक फणसाचं पान पुरे असतं.

एवढं करूनही आकडा वेगळा आला तर तो खरा समजा. सांताक्रुझला 944 पडला त्याच चोवीस तासांत वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला 73 मिलिमीटर होता. कुडाळच्या पत्रातल्या पंधरा किलोमीटरांसारखंच हे. तालुक्याचा आकडा तुमच्या पऱ्याला पूर येणार का ते सांगत नाही, तुमचा कॅन सांगतो.

फक्त मोजण्याची पद्धत मध्येच बदलू नका. टग हिलवर मॉन्टेग्यू इथे जानेवारी 1997 मध्ये चोवीस तासांत 77 इंच बर्फ नोंदला गेला. तो अमेरिकेचा विक्रम ठरला असता. पण बर्फ मोजायची फळी सहा तासांतून एकदाच, म्हणजे दिवसात जास्तीत जास्त चार वेळा पुसायची असते, आणि तिथे सहा वेळा मोजलं होतं. ताजा बर्फ दबायच्या आत पुन्हा पुन्हा मोजला की बेरीज फुगते. तपासणी समितीने तो आकडा विक्रम म्हणून मानला नाही. पावसाचं पाणी दबत नाही, त्यामुळे तुम्ही कॅन कितीही वेळा बदललात तरी ही चूक होणार नाही.

प्रश्न : वेण्णा लेकवर थंडीत दिसतो तो बर्फ लेक इफेक्टचा असतो का? (एक वाचक, महाड)

उत्तर : नाही. ती हिमवृष्टीच नव्हे, गोठलेलं दव आहे. निरभ्र, निवांत रात्री जड थंड हवा उतारावरून खोलगटात उतरते. गवत आणि बोटींच्या धक्क्याच्या फळ्या आपली उष्णता आकाशाकडे टाकून शून्याखाली जातात, जरी माणसाच्या उंचीवर हवा चार-पाच अंशांची असली तरी. वारा सुटला किंवा ढग आले की त्या रात्री काही दिसत नाही.

प्रश्न : मुलगी सिरॅक्यूजला शिकायला चालली आहे. कपड्यांखेरीज काय सांगून पाठवावं? (एक पालक, अलिबाग)

उत्तर : सिरॅक्यूज ओंटारियोच्या पट्ट्यात येतं, म्हणजे बर्फ भरपूर. धोका नुसत्या थंडीचा नसतो. डिसेंबर 2022 च्या बफेलोच्या वादळात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांत काही गाडीत अडकलेली, काही न तापलेल्या घरात, काहींचं हृदय बर्फ उपसताना थांबलं.

गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. पांढऱ्या वाऱ्यात पन्नास पावलांवरचं घर सापडत नाही. इंजिन तासाला दहा मिनिटं चालवायचं. आणि दर वेळी, चावी फिरवण्याआधी, उतरून सायलेन्सरच्या तोंडाभोवतीचा बर्फ हाताने काढायचा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नाही, नुसती झोप येते. ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची.

खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि त्याची बॅटरी चालते का, हे पहिल्या दिवशी बघायला सांगा. घर तापवणाऱ्या भट्टीची नळी बाहेरच्या भिंतीतून निघते, बर्फ साचला की ती बुजते, तीही मोकळी करावी लागते. जनरेटर घरात, गॅरेजात किंवा पडवीत कधीही नाही, बाहेर किमान सहा मीटरवर. आणि तुम्ही हिवाळ्यात तिच्याकडे जाणार असाल आणि वय पन्नाशीच्या पुढचं असेल, तर फावडं तुम्ही हातात घेऊ नका.